टिल्ल्याचा श्वास

ताई: बंद कर, बंद कर. हा टिल्ल्या नव्हेच.

साउंडवाला: अहो ताई, शंभर टक्के तुमच्या भावाचीच बासरी आहे. याच हॉलमध्ये, याच खिडकीपाशी उभं करून मीच रेकॉर्ड केली होती.

ताई: बासरी त्याची असेल, पण स्वभाव त्याचा नाही. इतका शहाण्यासारखा माझ्यामागून तो जन्मात कधी आला नाही. सदा आपला दोन पावलं पुढे.

साउंडवाला: तीच तर करामत आहे. पियानोत माइक लावलाय ना, त्यातून कॉम्प्युटर तुमचा सूर न् सूर ऐकतो. तुम्ही हळू झालात की बासरी हळू, तुम्ही पळालात की तीही पळते.

ताई: म्हणजे ताटाखालचं मांजर केलंस माझ्या भावाचं.

साउंडवाला: उद्या तुम्हा दोघांना शिकवणाऱ्या बाईंच्या स्मरणाच्या कार्यक्रमात तुम्हाला तुमचीच जोडी हवी होती. भाऊ येणार नाहीत म्हणालात, म्हणून हा सगळा खटाटोप. चला, पुन्हा एकदा. पहिल्यापासून.

(पियानो आणि बासरी सोबत चालतात. मध्यावर दोन्ही थांबतात आणि बराच वेळ काहीच वाजत नाही.)

साउंडवाला: ताई?

ताई: काय?

साउंडवाला: वाजवा ना.

ताई: मी काय वाजवू? त्याची वाट बघतेय.

साउंडवाला: अहो, तो तुमची वाट बघतोय! तुम्ही पहिला सूर दिल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकतच नाही.

ताई: आणि टिल्ल्याने श्वास घेतल्याशिवाय माझा हात खाली येत नाही. लहानपणापासून असंच आहे. या जागी बाई आम्हाला एकमेकांकडे बघूच द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, दोघंही डोळे मिटा आणि तू त्याचा श्वास ऐक. त्याने श्वास घेतला की दोघांनी एकदम उतरायचं.

साउंडवाला: श्वास... अरे देवा.

ताई: काय केलंस?

साउंडवाला: रागावू नका. रेकॉर्डिंग साफ करताना ती फुसफुस ऐकू येत होती. मला वाटलं पंख्याची आहे. काढून टाकली.

ताई: पंख्याची! कुणी सांगितले होते तुला हे नसते उद्योग? अरे, सगळ्या बासरीत तेवढंच तर त्याचं होतं!

साउंडवाला: चुकलं, ताई. पण मूळ रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. हे बघा, लावतो तेवढाच तुकडा. तुम्ही तयार राहा. हं... आता.

(श्वास ऐकू येतो. पियानो वाजत नाही.)

साउंडवाला: ताई, गेला की श्वास! हात का नाही आला?

ताई: पुन्हा लाव.

साउंडवाला: आता?

ताई: पुन्हा. अजून एकदा... अरे, इथे उभा आहे रे तो. माझ्या उजव्या खांद्यामागे. आधी नाक ओढतो, मग श्वास घेतो. वेडा कुठला. कायम सर्दी.

साउंडवाला: पाणी आणू का?

ताई: नको. रडू दे मला जरा. इतकी वर्षं रोज इथे बसून वाजवते आणि रोज या जागी थांबते. लोकांना वाटतं, काय छान ठहराव आहे! ठहराव कसला, डोंबल. मी त्याची वाट बघत असते.

साउंडवाला: मग फोन का नाही करत?

ताई: मी का करू? दुसऱ्या पियानोवाल्याबरोबर वाजवायला तो गेला. मी रागात म्हणाले, जा, मग मला तोंड दाखवू नकोस. तर गेला की खरंच! एवढं मनावर घ्यायचं असतं का बहिणीचं बोलणं?

साउंडवाला: ताई, एक सांगू? हे रेकॉर्डिंग वापरायचं म्हणून परवानगी मागायला मी त्यांना फोन केला होता.

ताई: मला न विचारता? आणि काय म्हणाला?

साउंडवाला: खुशाल वापरा म्हणाले. मग विचारलं, कार्यक्रम किती वाजता आहे. मी म्हटलं, सातला. त्यानंतर काही बोललेच नाहीत.

ताई: फोन ठेवला?

साउंडवाला: नाही ना. तेच तर. गप्पच, पण फोन चालू. मला कळेना काय करावं. शेवटी मीच ठेवला.

ताई: गप्प होता तेव्हा श्वास ऐकू येत होता त्याचा?

साउंडवाला: हो, येत होता. नाकही ओढत होते बहुतेक.

ताई: मूर्खा, मग ठेवलास कशाला? तो सुरू करायच्या बेतात होता!

साउंडवाला: मला काय माहीत तुमची घराण्याची रीत. माझं तर यंत्राचं डोकं. ते एवढंच सांगतं की दोघंही वाट बघत बसले तर वाजत काही नाही. कुणीतरी एकाला आधी हात टाकावा लागतो.

ताई: शहाणाच आहेस... लाव फोन.

साउंडवाला: आत्ता?

ताई: आत्ता नाही तर काय, पुढच्या जन्मी? लाव. तुझ्याच फोनवरून लाव. माझं नाव बघून घाबरायचा.

साउंडवाला: वाजतोय... उचलला. घ्या.

फोनवरून भाऊ: हॅलो? बोला. काय, चाललं का माझं रेकॉर्डिंग?

(ताई फोनशी तोंड नेऊन श्वास घेते.)

फोनवरून भाऊ: हॅलो? कोण आहे?... ताई?

ताई: हं. टिल्ल्या, मी आधी बोलले बरं का. आता तू बासरी घेऊन ये.