पोत्यातलं ऊन

आरे कॉलनीच्या थांब्यावर संध्याकाळची बस आली. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या नलिनीबाईंच्या पुढे गोठ्यावरची द्रौपदीआजी उभी होती आणि तिच्या डोक्यावर गोवऱ्यांचं पोतं होतं. कंडक्टरनं दारातच हात आडवा घातला.

"आजी, गोवऱ्या चालणार नाहीत. ज्वालाग्राही सामान बसमध्ये बंद आहे."

"ज्वालाग्राही म्हणजे काय रे बाबा?"

"पेटणारं."

"मग तुझ्या खिशातली काडेपेटी काय भिजवून ठेवलीस?"

"माझं सोडा. रॉकेल नाही, फटाके नाहीत, गोवऱ्या नाहीत."

"अरे, मालाडला लेक बाळंत झालीय. तिला शेक-शेगडी नको? घरात नुसता गॅस. गॅसवर काय बाळाची पाठ धरू?"

"नियम आहे, आजी. मी काय करू?"

"बरं, मग ऐक. हे शेण नव्हेच, हे ऊन आहे. गवतानं ऊन खाल्लं, म्हशीनं गवत खाल्लं, मी थापून वाळवलं. उन्हाला बंदी आहे का तुझ्या बसमध्ये?"

कंडक्टरनं रांगेत मागे पाहिलं.

"बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. ही म्हातारी म्हणते ते खरं आहे?"

"अगदी खरं आहे," नलिनीबाई म्हणाल्या.

"पण दिवस मावळला ना! या वेळी कुठलं आलंय ऊन?" कंडक्टर आजीला म्हणाला.

"म्हणून तर पोत्यात भरून आणलंय!"

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, घे ना यार, अंधार पडला!"

"चढा, आजी. आणि ते तुमचं ऊन सीटखाली सावलीत ठेवा."