सोजरबाई घरात एकटी

(मंडईजवळच्या इमारतीतलं, शहराची आकडेवारी गोळा करून देणारं छोटं कार्यालय. भर दुपार. दाराला आतून कडी. काळूरामच्या हातात कोयता. इथं काम करणाऱ्या तरुण गंधारचा दंड कापला गेलाय. त्याच्या सहकारी सुनीतीबाई त्यावर नॅपकिन आवळून धरून बसल्या आहेत.)

काळूराम : हलू नका म्हणलं ना. दुसरा घाव दंडावर न्हाई बसायचा.

सुनीती : हलून जाणार कुठं? कडी तुम्हीच घातलीत. याचं रक्त तेवढं थांबवू द्या.

काळूराम : थांबवा. त्यानं बोललं पायजे. ए पोरा, पुन्यांदा इचारतो. सोजरबाई घरात एकटी हाय, हे कुणाला सांगितलंस?

गंधार : मी सोजरबाई नावाच्या कुणाला ओळखतच नाही. खरंच सांगतोय, सर.

काळूराम : सर म्हणू नगो. माझी आई ती. खडकवासल्याच्या पल्याड, वाडीतली. गज घिऊन आली माणसं, भरदिवसा. जमिनीच्या कागदावर अंगठा दे म्हणली. तिनं मूठ आवळली, तर तिची बोटं उंबऱ्यावर ठिवून ठेचली. मंग डोसकं. दवाखान्यात काही दिस तगली, एवढं मला सांगितलं, अन् गेली.

सुनीती : पोलीस काय म्हणाले?

काळूराम : म्हातारी जिन्यावरनं पडली असंल, म्हणाले. आमच्या घराला जिनाच न्हाई.

सुनीती : आणि तुम्ही इथं आलात.

काळूराम : ह्ये कागद बघा. खाली नाव तुमचंच हाय ना?

गंधार : हो, आमचाच रिपोर्ट आहे. शहराच्या पश्चिम पट्ट्याचा. लोकसंख्या, घरं, रोजगार, असं सगळं. एका बिल्डरनं करून घेतला होता.

काळूराम : खूण केलीया तितनं वाच. मोठ्यानं.

गंधार : "शेती करणाऱ्यांत वृद्धांचं प्रमाण वाढत आहे. तरुण कारखान्यांत कामाला जातात. येत्या काळात या भागातल्या जमिनी सहज उपलब्ध होतील."

काळूराम : कशा व्हतील?

गंधार : सहज.

काळूराम : बोटं ठेचून, व्हय रं? ह्या डब्यापुढं बसून लिवलंस ना? ह्या? घे.

सुनीती : फोडलात कॉम्प्युटर. आता तो काही बोलायचा नाही. माणसाला तरी बोलू द्या.

काळूराम : बोल. न्हाईतर पुढचा मानेवर.

गंधार : वाक्य माझं आहे. नाही म्हणत नाही. पण त्यात कुणाचं नाव नसतं, घर नसतं. सरकारी वेबसाइटवर गावाची नुसती बेरीज मिळते. माणसं किती, घरं किती, शेतावर किती, कंपनीत किती. कुणीही उघडून बघावं. कुणाच्या घरात कोण आहे, ते त्यात दिसत नाही.

काळूराम : खोटं. गावात एवढी घरं असताना माझ्याच दारात कशी आली मंग?

सुनीती : अहो, एक विचारू? दोन हजार अकरा साली तुमच्या घरात कोण कोण होतं?

काळूराम : ते कशापायी?

सुनीती : हे आकडे त्या जनगणनेचे आहेत. त्यानंतरची अजून हातात आलेली नाही. आम्ही जुन्यावरच पुढचा अंदाज बांधतो. म्हणून विचारते.

काळूराम : माझा बा व्हता, बापूराव. आजी व्हती. आई, मी, माझी भन जया. घर भरल्यालं व्हतं.

सुनीती : मग या कागदांत तुमची आई एकटी कुठून सापडणार?

काळूराम : एकटी आताबी नव्हती. आजी अन् बा करोनात गेले, जया सासरी गेली, पन मी हाय की. मला कायम रातपाळी असती, दिवसा मी घरीच. त्याच दिशी कंपनीनं दिवसपाळीला बोलावलं.

गंधार : हे कुणाला माहीत होतं?

काळूराम : कुणालाच न्हाई. सकाळी दत्तानं गाडीवरनं धायरी फाट्याला सोडलं, तेवढंच.

सुनीती : दत्ता कोण?

काळूराम : चुलतभाऊ. खाली हुभा हाय, गाडी चालू ठिवून. हे कागद त्यानंच आणलं. हितला पत्ताबी त्यानंच दिला.

सुनीती : हा रिपोर्ट आम्ही फक्त त्या बिल्डरला दिलाय. वेबसाइटवर नाही, दुकानात मिळत नाही. तुमच्या भावाकडं कसा आला?

काळूराम : तोंड सांभाळून. बाईमाणूस म्हणून गप हाय.

सुनीती : मी विचारतेय. जमीन सामाईक आहे का?

काळूराम : आज्याच्या नावची. दत्ताच्या घरच्यांनी कवाच सह्या दिल्या. आईच न्हाई म्हणत व्हती.

गंधार : मला चक्कर येतेय.

काळूराम : खाली बस. गप बसा दोघं. फोन लावतो... दत्ता? न्हाई, अजून न्हाई. एक सांग, हे कागद तुला कुणी दिलं?... सापडलं? कुठं सापडलं?... वरडू नगो. माझी पाळी बदलली, ते कुणापाशी बोललास तू?... दत्ता. तिनं तुलाबी अंगावर पाजलंय रं... दत्ता?

सुनीती : काय म्हणाले?

काळूराम : ठिवला.

गंधार : खाली गाडी गेली आत्ता. जोरात.

काळूराम : ह्या कोयत्याला धारबी त्यानंच लावून दिली. सरका, बाई.

सुनीती : जाऊन काय करणार?

काळूराम : त्याची बोटं ठेचणार. एकेक. मंग मान.

सुनीती : आणि तुमच्या आईला कुणी मारलं, ते नंतर सांगणार कोण? तो मेला की ती पुन्हा जिन्यावरनंच पडली.

काळूराम : सरका म्हणतो ना.

सुनीती : नाही सरकत. कोयता टेबलावर ठेवा. मी पोलिसांना बोलावते. या पोराला मारलंत त्यासाठी तुम्हाला आत जावं लागेल, त्यात मी खोटं बोलणार नाही. पण आत्ता फोनवर तुम्ही काय विचारलंत आणि लगेच गाडी कशी पळाली, तेही मी सांगेन. जिथं सांगावं लागेल तिथं.

काळूराम : ...घ्या. पोरा, लई लागलं का?

गंधार : बोटं हलतायत.

काळूराम : आईची न्हाई हलली.

सुनीती : निघालेत पोलीस. पाणी घ्या.

काळूराम : ती नवी गणती कवा व्हणार?

गंधार : होईल. घरोघर येतील माणसं.

काळूराम : अन् दाराला कुलूप असलं तर?

गंधार : बंद घर, असं लिहितात.

काळूराम : परड्यात आईच्या कोंबड्या हायत. जयाला फोन करा कुणीतरी. दाणं टाकाया जा म्हणावं.