एका दिवसात सुटलेली सिगारेट

थांब, थांब. आधी ती खुर्ची खाली ठेव आणि मग काय म्हणालीस ते परत सांग. सुटली नव्हती? कुणाची — माझ्या नवऱ्याची? अगं, आत्ता तुझ्यासकट सगळ्या नर्सेससमोर उभी राहून मी तेच सांगितलं ना, की माझ्या मिस्टरांनी एका दिवसात सिगारेट सोडली आणि जाईपर्यंत पुन्हा हात लावला नाही. तेव्हा तू मान खाली घालून बसली होतीस. मला वाटलं, रडतेस. हे गेल्यानंतरचा माझा पहिलाच वर्ग, सगळ्याच जणी जरा हळव्या झाल्या होत्या — म्हटलं, ही तर माझ्याच हाताखाली शिकलेली, हिला ह्यांची आठवण येणारच. आणि तू मान खाली घालून मनात हे घोळवत होतीस!

नाही, उभी राहू नकोस, बस. दुपारच्या वर्गाचे दातांचे डॉक्टर आत्ताच जेवायला गेलेत, ते कसले लवकर येताहेत! बस म्हणते ना. आता नीट सांग. हे तुझ्याकडे यायचे. तुझ्या दवाखान्यात. कशाला, ताप-खोकल्याला? — सिगारेट सोडवून घ्यायला. माझा नवरा. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बस बदलून, तुझ्या खोलीबाहेरच्या त्या डगमगत्या बाकावर नंबर लावून बसायचा, चार लोक बसतात तसा. आणि घरात कोण होतं? घरात मी होते. पेशंटची तंबाखू कशी सोडवायची ते सगळ्या दवाखान्यांना शिकवत फिरणारी. म्हणजे खानावळ चालवणाऱ्या बाईच्या नवऱ्याने लपूनछपून दुसऱ्या खानावळीत जेवायला जायचं! हसू नकोस. हसली नाहीस? मग मलाच तसं वाटलं.

छे, शक्यच नाही. मला वास कळला असता. माझं नाक तुला ठाऊक आहे — वॉर्डात कुणी जिन्यावर ओढून आलं की मी औषधांच्या खोलीतून ओरडायची, 'कोण आलंय त्याने आधी चूळ भरा!' ह्यांचं चष्म्याचं दुकान, हाताला कायम त्या काचा पुसायच्या पाण्याचा वास, स्पिरिटसारखा, स्वच्छ. मला आवडायचा तो. आणि कपडे म्हणशील तर शर्ट रोज दोन निघायचे ह्यांचे. एक घालून गेलेला, एक दुकानात बदललेला. घाम येतो म्हणायचे. थंडीत? — हो, थंडीतसुद्धा. येतो काहींना. सकाळचा शर्ट तर दुकानातल्या नळाखाली बुचकळून, पिळूनच आणायचे, म्हणायचे, तुला त्रास नको. असा नवरा कुणाला मिळतो सांग. माझी नणंद एकदा म्हणालीसुद्धा, 'दादा स्वतःचे कपडे स्वतः धुतो? ह्याला झालंय तरी काय?' मी म्हटलं, तुमच्या दादाला बायकोची काळजी आहे, ती बघवत नाही का तुम्हाला! विचारायचं काय त्यात? माणूस सुधारलाय, त्याला रोज उठून काय विचारायचं?

हो, शिकवते मी. 'दर भेटीला विचारा, सोडलेल्यालाही विचारा, न ओरडता विचारा.' माझंच मला ऐकवू नकोस. ते पेशंटसाठी आहे.

आणि किती बेमालूम, बघ. वर्षातून एकदा तरी ह्यांना वर्गात आणायची मी. तुमच्या वेळीही आले होते, पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. माझं सांगून झालं की उठून म्हणायचे, 'हिने विचारलं, सिगारेट हवी की बायको? मी म्हटलं, विचार करायला आठवडा दे' — आणि अख्खा हॉल खो-खो हसायचा. मोठमोठे डॉक्टर येऊन हात मिळवायचे. एका हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं, तलफ येते का हो अजून? तर म्हणाले, 'येते, पण हिचा चेहरा आठवला की पळते.' पळते! माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच वर्गात! आणि मी कौतुकाने बघत राहायची. बोहल्यावरसुद्धा असं कौतुकाने बघितलं नसेल मी ह्यांच्याकडे.

शेवटचा दिवस सांगू तुला? दुकानातून उचलून हॉस्पिटलात आणलं तेव्हा शुद्धीवर होते. तपासणाऱ्या मुलीने विचारलं, सिगारेट ओढता का? ह्यांनी तोंड उघडलं, तोवर मीच म्हटलं, 'नाही. केव्हाच सोडली.' ठणकावून म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग छताकडे. मला वाटलं, दुखतंय. अगं, मरताना तरी! मरताना तरी माणसाने बायकोशी खोटं — बरं, खोटं बोलले नाहीत. बोललेच नाहीत. पण त्यात फरक काय?

ह्यांचं सोड, ते गेले. तू? तू घरी भेटायला आलीस. माझा हात हातात घेऊन बसलीस. मी तुला म्हटलं, 'निदान ती एक लढाई तरी जिंकून गेले गं' — आणि तू मूग गिळून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. काय? नियम? मला नियम सांगतेस? पेशंटचं बोलणं खोलीबाहेर जात नाही — बायकोला नाही, आईला नाही, पेशंट गेला तरी नाही. पहिल्या दिवशी मीच वदवून घेते तुमच्याकडून. पण मी काय कुणीतरी बाहेरची बायको होते? मी तुला हात धरून शिकवलं, पहिल्या पेशंटसमोर तुझी बोबडी वळली तेव्हा शेजारी मी बसले होते, आणि तू माझ्याच नवऱ्याला —

बरं. मग आज का तोंड उघडलंस? — त्यांनीच सांगून ठेवलं होतं. एवढंच सांगायची परवानगी होती. 'मी गेल्यावर तिला म्हणावं, माझी गोष्ट सांगणं बंद कर.' असं म्हणाले? ह्याच शब्दांत? का पण? ... कोण ट्रकवाला? हं. सोडायचा आणि परत लागायची. मग तुमच्याच कुणा नर्सने त्याला माझी गोष्ट ऐकवली — बाईंच्या मिस्टरांना एका दिवसात जमलं, तुम्हाला का जमू नये — आणि तो पुन्हा फिरकलाच नाही. आणि त्या बाकावर त्याच्या शेजारी हे बसायचे. म्हणजे ट्रकवाल्याची दया आली ह्यांना. त्याच्यापाशी मन मोकळं केलं असेल, माझंही असंच होतं म्हणून. त्याला सांगितलं, तुला सांगितलं. मला सांगायला काय झालं होतं? मी काय खाणार होते? ओरडले असते, चार दिवस अबोला धरला असता, वर्गात न्यायचं बंद — तेवढंच ना!

आणि ऐक, माझी गोष्ट ऐकून कितीतरी जणांनी सोडली असेल. असेल की नाही? बोल ना. असेलच.

एकच सांग, मग जा. शेवटी सुटली होती का गं? त्या दिवशी, दुकानात पडले तेव्हा — ओढत होते की सोडली होती? निदान कमी झाली होती? आणि तुझ्यापाशी बसून माझ्याबद्दल काय म्हणायचे? काहीतरी म्हणत असतील. अगं, माझा नवरा होता तो! तुझ्या खोलीत बसून रडला असेल, हसला असेल, ते तुला ठाऊक आणि मला नको कळायला? नुसती मान हलवू नकोस. तोंडाने बोल. हो की नाही, एवढंच.

नाही सांगणार.

शाबास. पैकीच्या पैकी गुण तुला. इतक्या जणींना शिकवलं, त्यांत तूच एक पक्की निघालीस.

जा आता. खुर्च्या राहू देत, माझ्या मी लावीन. आणि डोळे पूस, बाहेर लोक विचारतील. पुन्हा माझ्या वर्गाला येऊ नकोस, घरीही नको — आले वाटतं ते. जा म्हणते ना.

या डॉक्टर, या. या ना, पुढेच बसा. ही निघालीच आहे. जेवणं झाली सगळ्यांची? छान. तर सुरुवात करू या. मी आधी एक गोष्ट सांगते, आमच्या घरचीच आहे. माझे मिस्टर — मागे ऐकू येतंय ना? — माझे मिस्टर —