सारं सेट हाये

आमच्या परतवाड्याच्या मामाले इंग्रजीतला एकच शब्द येते, पण तो साऱ्या कामाले पुरते. पोरीचं लग्न जमलं, सेट. बिघडलेलं पोट सुधरलं, सेट. भाजीत मीठ बरोबर पडलं, तेही सेट.

आमचे हे पुण्याचे. लग्नानंतर याईले चिखलदरा दाखवाले मामानं आपली जुनी जीप काढली. बसाच्या आधीच हे इचारतेत, "मामा, ब्रेक नीट आहेत ना?"

"सेट हाये."

"आणि टायर?"

"सेट हाये ना, जावईबापू. बसा तुमी!"

चढतानी सारं सेटच होतं. उतरतानी मामानं ब्रेकवर दोनदा पाय मारला. मंग म्हणे, "जावईबापू, आपण कृपया घट्ट धरून बसावे."

मामाच्या तोंडून एवढं शुद्ध वाक्य मी जन्मात आयकलं नव्हतं. मी तं डोयेच मिटले.

हँडब्रेक ओढून मामानं जीप मुरमाच्या ढिगात घुसवली, तवा कुठं ती थांबली. घाम पुसत म्हणे, "झालं सेट!"

तवापासून घरी मी नुसतं शुद्ध भाषेत "अहो, जरा ऐकता का?" म्हटलं, का हे पहिले खुर्चीचे हात पकडतेत.