गिऱ्हाइकाला म्हणता येईल असं नाव

दर आठवड्याला बाजारात नवा स्मार्टफोन यायचा, त्या वर्षातली गोष्ट. दिल्लीत करोल बाग मेट्रोला टोकनच्या रांगेत उभा होतो. मागे एक मुलगी आणि तिचे बाबा मराठीत बोलत होते.

“देविका, तुमच्या नव्या फोनचं नाव साहेबांनी ठरवलंय ना? मग तू कशाला मध्ये पडतेस?”

“बाबा, ‘झायफ्रॉन’ हे काय नाव आहे? चाचणीसाठी थोडे फोन ठेवलेत, त्या इथल्या दुकानांत तीन दिवस उभी राहिले. गिऱ्हाइकांना ते म्हणताच येत नाही. ‘वो काला वाला दिखाना,’ म्हणतात. मग दुकानदार दुसऱ्याच कंपनीचा काळा फोन पुढे करतो.”

“आणि तू काय सुचवलंस?”

“तारा.”

“फारच साधं गं. फॉरेनचं वाटत नाही.”

“साहेबपण बिल्कुल हेच म्हणाले. म्हणून काल दुकानांत काढलेले गिऱ्हाइकांचे व्हिडिओ थेट कंपनीच्या मालकांना पाठवले.”

“साहेबांना डावलून? नोकरी लागून सहा महिने झालेत तुला!”

“गेली तर दुसरी शोधेन. पण फोन विकला नाही, तर आमची अख्खी टीम घरी बसेल. थांबा, साहेबांचाच फोन. जी सर… हाँ सर, मैंने ही भेजे… नहीं सर, माफ़ी नहीं माँगूँगी… जी, आ रही हूँ.”

“काय गं? काढलं?”

“फोनच्या डब्यांची छपाई थांबवलीय. अकराला मालक स्वतः माझं ऐकणार आहेत.”

“हे बघ, त्यांच्यासमोर आवाज चढवू नकोस.”

“बाबा!”

“बरं, चढव. पण घाबरून गप्प बसू नकोस.”