दोन डाव्या बाह्या

…हळू बोला दादा, हळू. मास्तर मागच्या खोलीत आहेत, आणि आज नेमकं कानातलं यंत्र लावलंय त्यांनी — एरवी खुशाल ओरडा म्हटलं असतं. बसा ना. कोट द्या इकडे. हं — दिसलं. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या, बरोबर आहे तुमचं. उजवा हात घातला की कोपर मागे वळतंय, हो ना? पाठ खाजवायला उत्तम, पण निवृत्तीच्या समारंभात लोकांशी हात मिळवायचा तर पंचाईत. नाही हो, थट्टा नाही करत — म्हणजे करतेय, पण तुमची नाही. आधी वाटलं, नवी फॅशन आहे म्हणून ठोकून द्यावं, पण तुमचं तोंड पाहिलं आणि म्हटलं, नको बाई.

मास्तरांना बोलवू? बोलवते की — पण आधी माझं ऐका. कोटाचं कापड दुमडून ठेवतात आणि दोन्ही बाह्या एकदम कापतात, म्हणजे एक डावी, एक उजवी आपोआप निघते. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात हे. मास्तरांनी दुमडलंच नाही. एक कापली, नमुन्याचा कागद तसाच ठेवला, पुन्हा तीच कापली. वय झालं की व्हायचंच, म्हणता? मीही तसंच म्हणत होते आणि वर्ष घालवलं. डॉक्टरीणबाईंनी कान उपटले माझे. म्हणाल्या, कात्री कुठे ठेवली ते विसरलं तर म्हातारपण, पण कात्री हातात धरून हिचं काय करायचं हे सुचेना, तर तो मेंदूचा आजार, तो दाखवायला हवा. मग काय, रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, कान तपासले. बरं व्हायचं औषध नाही दादा. पण हळू चालवता येतं म्हणे त्याला. म्हणून हे कानातलं यंत्र, साखर ताब्यात, मीठ बेताचं, आणि सकाळी फिरायला जाणं — ते पुढे ताडताड चालतात, मी मागून धापा टाकत. आजार त्यांना, बारीक मी झाले.

आणि सगळ्यात मोठं औषध काय सांगितलं माहितेय? तुम्ही. हसू नका, खरंच. माणसांत ठेवा, हाताला रोजचं काम राहू द्या, आणि त्यांची चूक काढत बसू नका, म्हणाल्या. आता लग्नाच्या बायकोला हे सांगायचं — मी म्हटलं, बाई, त्यापेक्षा त्या कडू गोळ्या मला द्या. पण जमवलं. गिऱ्हाईक दारात आलं की गळ्यात टेप टाकून असे ताठ उभे राहतात, विचारू नका. माप अजून चोख घेतात हो. कापताना गडबडतात, एवढंच. मग दुपारी ते लवंडले की मी टेबलापाशी जाते, बघते, चुकलं असेल तर गुपचूप दुसरं कापते, आणि संध्याकाळी म्हणते, काय सफाई आहे मास्तर. — काय? तुमची मागची पँट? आता विचारलंच आहे तर… मीच कापली. छान बसली ना? झालं तर. या कोटाच्या वेळी मी तापाने पडले होते, आणि त्यांनी बापड्यांनी एकट्याने रेटून नेलं. उठून बघते तर कोट तुमच्या घरी पोचलेला, आणि हे शीळ घालत बसलेले. केवढे खुश होते.

म्हणून म्हणते, ओरडू नका. मागे एकजण ओरडला होता, सगळ्या दुकानासमोर. मास्तरांनी टेप खुंटीला लावली ती लावलीच. नुसते भिंतीकडे तोंड करून बसायचे. आणि बसले की विसरणं असं भराभर पुढे जातं, दादा, उतारावरून सुटल्यासारखं. त्याच दिवसांत एकदा… जाऊ दे. नाही, काही नाही. तुम्ही निवृत्तीनंतर काय करणार, ते सांगा. नुसता आराम करू नका हं, चार माणसांत जा, कान तपासून घ्या, बायकोशी भांडा — तेही चांगलं असतं.

एकदा काय झालं, मला फौजदार म्हणतात ते. लग्नापासून. फौजदार, चहा, फौजदार, सुई कुठाय. आणि माझं माप त्यांनी कधी घेतलंच नाही, नुसत्या नजरेने कापायचे, तरी अंगावर बेतल्यासारखं बसायचं. तर त्या दिवसांत एका सकाळी टेप घेऊन समोर आले आणि म्हणाले, ताई, या, माप घेतो. सगळ्या गिऱ्हाइणींना म्हणतात तसं. मी आपली खांदे सरळ करून उभी राहिले. काय करणार? इतक्या अदबीने उभ्या आयुष्यात बोलले नव्हते माझ्याशी. हसू आलं, आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फौजदार. मग तुमच्यासारखी माणसं येत राहिली, टेप खुंटीवरून उतरली, आणि नाही झालं परत तसं. होऊ नये म्हणूनच ही सगळी सर्कस. कळलं का, कोट घेऊन तुम्ही आत शिरायला निघालात तेव्हा मी का आडवी आले?

कापड मी माझ्याकडचं घालते. समारंभाच्या आत कोट तुमच्या अंगावर. फक्त एक करा — चप्पल वाजली बघा, येतायत — हा कोट माझ्या मशीनखाली सारा, आणि पहिल्यांदाच आल्यासारखे उभे राहा. हात वर.

या मास्तर. हे बघा, कोट शिवायचाय यांना, तुमचं नाव ऐकून आलेत. हो, घ्या ना माप… दादा, पोट आत ओढू नका, ते फसत नाहीत… बघा, कसं चोख. झालं? काय म्हणालात, मास्तर?

…नाही. यांच्याबरोबर नाही आले मी. एकटीच आहे.

हो, माझंही घ्यायचंय. थांबते ना, घाई नाही मला.

दादा, निघा तुम्ही आता. नाही, काही बोलू नका. दार ओढून घ्या जाताना — माझा नंबर आलाय.