बाबांच्या आधी टाळी नाही

टाळ्यांवरून आठवलं. परदेशात पियानो शिकून आले, दोन वर्षं घरी बसून तयारी केली, आणि मग पनवेलमध्ये माझा पहिला कार्यक्रम ठरला. तो पडला असता तर मी मुकाट्याने ऑफिसची नोकरी धरणार होते.

खांदा कॉलनीतली आमची अख्खी बिल्डिंग आली होती. बाबांनी प्रत्येकाला दम भरला होता, "शेवटच्या रचनेचे तीन भाग आहेत. मधेच टाळ्या वाजवल्या तर आपण अडाणी दिसू. मी टाळी वाजवली की मगच वाजवायची!"

पहिला भाग संपला, हॉल चिडीचूप. दुसरा संपला, कुणी खोकलंसुद्धा नाही. तिसरा संपला, मी हात मांडीवर ठेवले, तरी चिडीचूप! म्हटलं, झालं, आपटलो आपण. हळूच वळून बघते तर सगळा हॉल बाबांकडे बघतोय, आणि बाबा दोन्ही हातांनी रुमाल तोंडावर दाबून रडतायत.

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या सावंत काकू! माझी प्रॅक्टिस सुरू झाली की झाडूचा दांडा छताला ठोकणाऱ्या.

"अहो, संपलं ते! वाजवा टाळ्या! दोन वर्षं ऐकतेय मी, रोज इथेच संपतं!"

मग जो कडकडाट झाला! नोकरीचं कुणी परत बोललं नाही. काकूंचा दांडा मात्र अजून वाजतो. पण आता फक्त मी चुकले की.